स्टिकरचा वॉलपेपर आणि खळीचा वॉलपेपर: फरक कळतो तो काढताना

दुकानात जा किंवा मोबाइलवर शोधा, 'वॉलपेपर' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक स्टिकरचा: पीव्हीसीचा पातळ रोल, मागे डिंक आधीच लावलेला, त्यावरचा कागद सोलायचा आणि भिंतीवर दाबायचा. दुसरा खळीचा: मागून कोरडा, पावडर पाण्यात कालवून केलेली खळ लावून बसवायचा. फोटोत विटांचं, संगमरवराचं किंवा पानाफुलांचं डिझाइन दोन्हींत सारखंच दिसतं. भिंतीवर नीट बसवला असेल तर घरी आलेल्या पाहुण्यालाही कोणता कुठला ते सांगता येणार नाही. फरक कळतो तो काढायच्या दिवशी.

बहुतेक जण निवड अशी करतात: घर भाड्याचं असेल तर स्टिकर, कारण 'तो काय, ओढला की निघतो'. घर स्वतःचं असेल तर खळीचा, कारण 'तो पक्का बसतो'. मला हा हिशेब उलटा वाटतो, आणि आपल्याकडच्या भिंती कशा बनतात ते पाहिलं तर का ते लक्षात येईल.

स्टिकरच्या मागचा डिंक दाबाने चिकटणारा असतो, बहुधा अ‍ॅक्रिलिकचा. तो वाळून कडक होत नाही. मऊ राहतो, आणि मऊ असल्यामुळेच भिंतीच्या बारीक खळग्यांत हळूहळू उतरत जातो. उकाड्यात हे आणखी वेगाने होतं. म्हणून लावल्यावर तासाभरात ओढला तर तो अलगद सुटतो, जाहिरातीत दाखवतात ते हेच. दोन उन्हाळे गेले की त्याच डिंकाची पकड कितीतरी वाढलेली असते.

आता भिंतीकडे बघा. फ्लॅटमधली भिंत म्हणजे वीट किंवा ब्लॉक, त्यावर सिमेंटचा गिलावा (हल्ली आतून बरेचदा जिप्समचा), त्यावर पुट्टीचे दोन हात, मग प्राइमर आणि शेवटी डिस्टेंपर किंवा इमल्शन. प्रत्येक थर खालच्या थराला धरून असतो. वरून ओढ बसली की ज्या दोन थरांमधली पकड सर्वांत कच्ची, तिथे भिंत सुटते. काच असेल, टाइल असेल तर डिंकच सुटतो आणि शीट स्वच्छ निघते. पुट्टीच्या भिंतीवर मात्र बरेचदा डिंक रंगाला घट्ट धरून राहतो, आणि पुट्टीच गिलाव्यावरून निघून येते.

काढलेली शीट उलटी करून पाहिली की सगळं समजतं. डिंकाला चिकटून रंगाचा पापुद्रा आलेला असतो, त्याच्या मागे पुट्टीचा पांढरा, बोटाला भुकटी लागणारा थर. भिंतीवर त्याच आकाराचा खड्डा, जेमतेम एक-दीड मिलिमीटर खोल, पण कडा उचललेल्या. ती कड नखाने जरा ढकलली की आणखी तळहाताएवढा तुकडा सुटतो. तो खड्डा नुसता भरून भागत नाही. सैल झालेल्या सगळ्या कडा पत्र्याने खरवडायच्या, पुट्टी भरायची, वाळली की पॉलिश पेपरने घासायची, प्राइमर मारायचा, आणि मग तेवढाच तुकडा रंगवला तर डाग दिसतो म्हणून अख्खी भिंत रंगवायची. भाड्याच्या घरात हा सगळा खर्च डिपॉझिटमधून जातो, आणि तो वॉलपेपरच्या किमतीपेक्षा बराच जास्त असतो.

भिंतीला साधं डिस्टेंपर असेल तर वेगळीच तऱ्हा. हात फिरवल्यावर तळहाताला पांढरं लागणाऱ्या भिंतीवर स्टिकर नीट बसतच नाही. डिंकाला भुकटी लागते, भिंत हाती येत नाही, आणि कडा गुंडाळायला लागतात. म्हणजे कच्च्या भिंतीवरून तो आपोआप पडतो आणि बऱ्या भिंतीवरून पुट्टी घेऊन निघतो.

खळीचं तसं नाही. ही खळ स्टार्चची किंवा मिथाइल सेल्युलोजची असते. ती वाळून पकड धरते, पण पुन्हा पाणी लागलं की पुन्हा मऊ होते. त्यामुळे खळीचा वॉलपेपर काढताना जोर लावायचा नसतो, पाणी लावून थांबायचं असतं. इथे लोकांचा धीर सुटतो. पाणी शिंपडतात, दोन मिनिटांत पत्रा घेऊन खरवडायला लागतात, भिंतीला ओरखडे पडतात, आणि 'हा निघतच नाही' असा ग्रह होतो.

खरी अडचण वरच्या थराची असते. बाजारातले बहुतेक खळीचे वॉलपेपर वरून विनाइलचे असतात, आणि विनाइलमधून पाणी आत जात नाही. त्यामुळे आधी तो वरचा थर घालवायचा. खालच्या कोपऱ्यात कटरच्या टोकाने उचलून वर ओढून पाहा. पुष्कळदा विनाइल कोरडंच, लांबच लांब सोलून येतं आणि भिंतीवर फक्त कागदी पाठ राहते. येत नसेल तर कटरने हलक्या हाताने तिरप्या रेघा मारा. रेघ विनाइलपुरतीच, पुट्टीपर्यंत जाऊ द्यायची नाही. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड सोपचे चार थेंब टाकून स्प्रेने किंवा स्पंजने भिंत भिजवा आणि १५-२० मिनिटं सोडून द्या. मध्ये वाळायला लागली तर पुन्हा एक हात. नीट भिजलेली पाठ उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी निघते. पत्रा जवळजवळ आडवा धरून नुसता खालून सरकवायचा. जिथे अडकेल तिथे ढकलू नका, पाणी लावा.

दोन गोष्टी सांभाळा. स्विचबोर्डाच्या आसपास पाणी लावण्याआधी त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली पाडा. आणि भिंत जिप्समची किंवा पीओपीची असेल तर पाणी बेताने, तीन-चार फुटांचा पट्टा घेऊन तेवढाच भिजवा. जास्त पाण्याने जिप्सम मऊ पडतं.

नॉन-वोव्हन पाठीचा असेल तर एवढंही करावं लागत नाही. त्याची पाठ कागदाची नसते, सेल्युलोज आणि पॉलिएस्टरच्या तंतूंची असते. पाण्याने ती फुगत नाही आणि सहसा फाटतही नाही. नीट बसवलेला असेल तर अख्खा पट्टा कोरडाच निघतो. भाड्याच्या घरासाठी वॉलपेपर हवाच असेल तर मी हा सुचवेन, अर्थात मालकांना विचारून. रोलच्या लेबलवर याची खूण असते: ब्रश भिंतीवर दाखवला असेल तर खळ भिंतीला लावायची, आणि भिंतीवरून पट्टा सुटताना दाखवला असेल तर कोरडा निघतो. त्या चित्रात पट्ट्याचे दोन थर वेगळे होताना दिसत असतील तर वरचा निघेल आणि खालची पाठ भिंतीवर राहील. विकत घेताना डिझाइनच्या आधी ही चित्रं बघावीत असं मला मनापासून वाटतं.

एक धोका मात्र खळीच्या वॉलपेपरलाही आहे, आणि तो आपल्याकडे सर्रास आढळतो. बसवणारे कारागीर खळीत पांढरा गोंद, म्हणजे सुतारकामातला फेव्हिकॉल, मिसळतात. कडा सुटल्याची तक्रार येऊ नये हा त्यांचा हेतू. पण तो गोंद वाळला की खळीसारखा पाण्याने सहज मऊ होत नाही, आणि मग काढताना हाही पुट्टी घेऊन येतो. कारागीर बादलीत काय कालवतोय ते उभं राहून बघा. नुसती खळ पुरेशी असते, फक्त भिंत नीट तयार हवी: भुकटी पुसलेली, सैल रंग खरवडलेला, वर प्राइमरचा एक हात आणि तो पूर्ण वाळलेला. हा प्राइमरचा हातच पुढे काढताना पुट्टीला वाचवतो, कारण खळीचं पाणी भिंतीत मुरत नाही.

लावण्याच्या कामातही दोघांचा स्वभाव वेगळा. खळ ओली असेपर्यंत पट्टा सरकवता येतो, डिझाइन शेजारच्या पट्ट्याशी जुळवता येतं. स्टिकर एकदा टेकला की टेकला. उचलून पुन्हा लावला तर ताणला जातो, आणि ताणलेलं पीव्हीसी पुढे आकसतं, मग जोडावर भिंतीची रेघ दिसायला लागते. म्हणून स्टिकरला दोन माणसं लागतात: एकाने वरून सरळ धरायचं, दुसऱ्याने मागचा कागद एका वेळी वीतभरच सोलत मधून कडेकडे कपड्याने दाबत यायचं. पहिला पट्टा कोपऱ्याच्या किंवा छताच्या भरवशावर लावू नका, ते क्वचितच सरळ असतात. ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, वरून खाली लोंबता सोडा, त्याच्या दोरीला धरून पेन्सिलची उभी रेघ मारा आणि त्या रेघेला धरून सुरुवात करा. हे दोन्हींना लागू.

कागदी पाठीच्या वॉलपेपरला खळ लावली की तो पाणी पिऊन रुंदीला थोडा वाढतो. म्हणून खळ लावलेली बाजू आत करून घडी घालायची आणि लेबलवर लिहिलेली मिनिटं थांबायचं. घाई केली तर तो भिंतीवर वाढतो आणि फुगे येतात. नॉन-वोव्हनला ही वाट पाहायची गरज नाही.

रोल किती घ्यायचे यात हमखास गफलत होते, म्हणून उदाहरण देते. खळीचा नेहमीचा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब असतो, दुकानदार तो ५७ चौरस फूट धरतात. भिंत १२ बाय ९ फूट, म्हणजे १०८ चौरस फूट. दोन रोल ११४ होतात, पुरतील असं वाटतं. पुरत नाहीत. ९ फुटांची उंची आणि वर-खाली छाटायला थोडा जास्तीचा धरला तर एक पट्टा साधारण २.८५ मीटरचा. एका रोलमधून तीनच निघतात, उरलेला दीड मीटर वाया. दोन रोलचे सहा पट्टे म्हणजे साडेदहा फूट रुंदी जेमतेम. शेवटचा दीड फूट उघडा राहतो आणि तिसरा रोल लागतो. तो नंतर आणायला गेलात तर बॅच नंबर बदललेला असतो आणि रंगाची छटा डोळ्यांत खुपते. एकदम घ्या, सगळ्या रोलवर तोच बॅच नंबर आहे ना ते पाहून घ्या.

ओलीचं काय? मुंबई-कोकणात हा प्रश्न पहिला. पीव्हीसी किंवा विनाइल, दोन्ही भिंतीचा श्वास कोंडतात. पश्चिमेचा पाऊस झेलणारी बाहेरची भिंत, बाथरूमला लागून असलेली भिंत, पोपडे धरलेली भिंत, यांवर दोन्हींपैकी काहीही लावू नये. मागे बुरशी धरते आणि बाहेरून महिनोन्‌महिने दिसत नाही. शंका असेल तर प्लास्टिकचा फूटभर चौकोन चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि एक दिवस ठेवा. आतून घाम दिसला तर आधी गळतीचा बंदोबस्त. ही परीक्षा पावसाळ्यात करा, मे महिन्यात सगळ्याच भिंती पास होतात.

स्टिकर वाईट आहे असं मला म्हणायचं नाही, तो चुकीच्या जागी वापरला जातो. कपाटाची दारं, सनमायका, फ्रिज, टाइल्स, काच, टेबलाचा वरचा भाग अशा गुळगुळीत आणि पाणी न शोषणाऱ्या पृष्ठभागांवर तो उत्तम. भाड्याच्या घरात सोफ्यामागे डिझाइन हवंच असेल तर पातळ प्लायवर स्टिकर लावून तो प्लाय भिंतीला टेकवून ठेवता येतो. घर बदलताना तो सोबत नेता येतो.

भिंतीवर स्टिकर आधीच असेल आणि काढायचाच असेल तर हेअर ड्रायरने एक-दीड फूट भाग कोमट करा आणि वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करा. शीट भिंतीपासून लांब, काटकोनात ओढू नका. तिच्याच अंगावर परत दुमडून, भिंतीला लगटून, अगदी सावकाश खाली आणा. पुट्टी सुटतेय असं वाटलं की थांबा, पुन्हा ऊब द्या. भिंतीवर राहिलेला डिंक ऑइल पेंटवर असेल तर कपड्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन पुसता येतो, खिडकी उघडी ठेवून आणि आधी कोपऱ्यात करून पाहून. इमल्शन आणि डिस्टेंपरवर ते रंगच उचलतं, तिथे डिंक बोटाने चोळून गोळ्या करून काढावा.

खळीचा वॉलपेपर निघाल्यावर भिंत स्वच्छ दिसते, पण खळीचा पातळ थर तिच्यावर असतोच. ओला हात फिरवून पाहा, बुळबुळीत लागेल. कोमट पाण्याने दोनदा स्पंज करा, पाणी बदलत राहा, आणि पंखा लावून दोन दिवस वाळू द्या. त्या थरावर थेट रंग मारला तर तो काही महिन्यांत तडकतो. धुऊन वाळल्यावर प्राइमर, आणि मग रंग.