‘ते’ म्हणजे कोण? सर्वनामावरच्या टिंबाची पार्श्वभूमी

पारोळ्याकडच्या एका शाळेत तिसरीच्या फळ्यावर दोन वाक्यं लिहिली: ‘मामा कुत्र्याचे पिल्लू घेऊन आले. ते खूप दमले होते.’ कोण दमलं? काही पोरं म्हणाली मामा, काही म्हणाली पिल्लू. चूक कुणाचीच नाही.

1962 पूर्वीच्या पुस्तकात हा वाद झालाच नसता. मामा असतील तर ‘ते दमले होते’, पिल्लू असेल तर ‘तें दमलें होतें’. ‘ती’ म्हणजे एकटी मुलगी, ‘तीं’ म्हणजे पोरं. त्या वर्षीच्या लेखननियमांनी उच्चारात न उरलेले हे अनुस्वार काढून टाकले. बाजू रास्त होती: कुठे टिंब द्यायचं हे घोकावं लागे, आणि घोकूनही चुके. पण सोय पाहिली ती लिहिणाऱ्याची. वाचायला शिकणारा कुणाच्या ध्यानात होता असं वाटत नाही. बोलताना आपण ‘पिल्लू दमलं’, ‘मामा दमले’ असा फरक करतोच. पुस्तकी ‘दमले’ने तो पुसला. एक टिंब मात्र राहिलं, अनेकवचनी आणि आदरार्थी रूपांवरचं. ‘त्याने’ म्हणजे एकानेच. ‘त्यांनी’ म्हणजे अनेकांनी, नाहीतर एकाच मानाच्या माणसाने.

खानदेशात नेमकं हेच टिंब अडतं. अहिराणीत ‘चा-ची’च्या जागी ‘ना-नी’: त्याना बाप, त्यानी माय, मामानी पिशवी. हे कान घेऊन आलेलं पोर ‘मामांनी पिशवी उचलली’ वाचतं, टिंब गिळतं, आणि मामाची पिशवी कुणीतरी उचलून नेते. पुढच्या ओळीत ‘त्यांनी ती ओट्यावर ठेवली’. ‘त्यांनी’ म्हणजे कोण? त्याच्या लेखी मामा उचलायला आलेलाच नाही. शेरा पडतो ‘वाचन कच्चे’. वाचन पक्कं आहे, फक्त घरच्या व्याकरणाने.

मागचं थोडक्यात. ब्रिटिश काळातल्या भाषा-सर्वेक्षणाने खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ली बोलींसोबत ठेवलं, त्यावरून अजून भांडणं होतात. 1967 पासून राज्याची पाठ्यपुस्तकं एकाच ठिकाणी तयार होऊ लागली. चाळीसगावच्या आणि धडगावच्या पोरापुढे भाषा एकच आली. धडगावला तर घरात पावरी किंवा भिल्ली, तिथे अडचण आणखी खोल.

सर्वनामाकडे वाचनाची अडचण म्हणून पाहणं बाहेर जुनं आहे. ऐंशीच्या दशकात इंग्लंडमधल्या अभ्यासांत दिसलं, की सात-आठ वर्षांची काही मुलं घडाघडा वाचतात, पण ‘तो’ कोण, ‘ती’ कोण हे त्यांना लावता येत नाही. आपल्याकडे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घरच्या भाषेला निदान पाचवीपर्यंत जागा देऊ केली, ‘शक्य तिथे’ या पळवाटेसह. 2021 च्या ‘निपुण भारत’ या केंद्राच्या वाचन-गणित मोहिमेने तिसरीसाठी मिनिटाला किमान 60 शब्द, तेही समजून, असं उद्दिष्ट ठेवलं. शब्द घड्याळ लावून मोजता येतात म्हणून तेच आधी मोजले जातात.

मामा आणि पिल्लाची ती दोन वाक्यं नऊ शब्दांची. म्हणजे नऊ सेकंदांची.