वकिलाला वाट कोण देतो?

‘अमुक देशाबरोबर राजनैतिक आणि अधिकृत पासपोर्टधारकांसाठी व्हिसामाफीचा करार’ अशी चार ओळींची बातमी अधूनमधून पेपरच्या आतल्या पानावर येते. साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा पिता पिता कुणीतरी ती मोठ्याने वाचतो आणि विचारतो, “म्हणजे आता आपल्यालाही व्हिसा नको?” पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची तारीख धरून, आधार आणि दहावीचा दाखला फाइलीत घालून, पोलीस पडताळणीची वाट बघून निळा पासपोर्ट मिळवलेल्या माणसाने हा प्रश्न विचारणं साहजिकच आहे. उत्तर मात्र ‘नाही’ असं आहे. बातमी त्याच्या पासपोर्टची नसतेच.

भारतात पासपोर्ट तीन प्रकारचे. आपला निळा, सरकारी कामावर जाणाऱ्यांचा पांढरा, म्हणजे अधिकृत, आणि राजदूत, मंत्री, खासदार वगैरेंचा मरून, म्हणजे राजनैतिक. ही विभागणी 1967 च्या पासपोर्ट कायद्यातली. तो कायदाही घाईघाईतच आला. परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, सरकारला वाटेल तेव्हा पासपोर्ट अडवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये सांगितलं. मे महिन्यात अध्यादेश निघाला आणि जूनमध्ये त्याचा कायदा झाला. पांढरे आणि मरून पासपोर्ट दिल्लीत पतियाळा हाउसमधून मिळतात.

पण मूळ प्रश्न पासपोर्टपेक्षा जुना आहे: एका राज्याचा माणूस दुसऱ्याच्या दारात गेला, तर त्याला कोण म्हणून आत घ्यायचं? याचं उत्तर साताऱ्याइतकं कडू फार थोड्या गावांना मिळालं असेल. 1839 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते त्यांचे वकील, म्हणजे दूत, म्हणून लंडनला गेले. तिथे उतरायला तेव्हा व्हिसा नावाची भानगड नव्हती. बोट मिळाली, खिशात पैसे असले, की माणूस पोचला. पण पोचून उपयोग काय? ज्या राजाला कंपनी राजाच मानत नव्हती, त्याच्या वकिलाला वकील म्हणून ती कशी मानणार? रंगो बापूजींनी अर्ज केले, सभांमधून भाषणं केली, पार्लमेंटच्या सभासदांना गाठलं. 1847 मध्ये महाराज काशीतच वारले, 1848 मध्ये सातारा खालसा झालं, तरी ते 1853 पर्यंत लंडनमध्ये तळ ठोकून होते. रस्ता मोकळा होता, पण मान्यता नव्हती. आजच्या व्हिसामाफीचं मर्म कळायला मला हे उदाहरण सगळ्यात सोपं वाटतं. सवलत माणसाला दिलेली दिसते, पण खरं तर त्याला पाठवणाऱ्या राज्याची ती पोचपावती असते.

मोकळे रस्ते बंद केले ते पहिल्या महायुद्धाने. हेरांच्या भीतीने युरोपातल्या देशांनी पासपोर्ट सक्तीचे केले. (साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे जवान त्याच युद्धात साता समुद्रापार गेले. त्यांचा पासपोर्ट कुणी विचारला नाही.) लढाई संपली तरी ही तात्पुरती सक्ती काही उठली नाही. 1920 मध्ये पॅरिसच्या परिषदेत पासपोर्टच्या पुस्तिकेचा सगळीकडे चालेल असा एकच नमुना ठरला, आणि व्हिसाचा शिक्का कायमचा मानगुटीवर बसला.

राजदूतही त्यातून सुटले नाहीत. लोकांना वाटतं, मरून पासपोर्ट हातात आला की जगभर कुणी अडवत नाही, अटक होत नाही. तसं नाही. 1961 च्या व्हिएन्ना कराराने जे संरक्षण दिलं, ते यजमान देशाने ज्याची नेमणूक मान्य केली त्याला. त्याच करारात तिसऱ्या देशातून जाणाऱ्या राजदूताबद्दल लिहिताना ‘व्हिसा लागत असेल तर’ असे शब्द स्पष्ट आहेत. म्हणून साध्या दोन दिवसांच्या बैठकीसाठीही परराष्ट्र खात्याने पत्र द्यायचं, समोरच्या दूतावासाने ते तपासायचं आणि मग शिक्का मारायचा, असा खेळ चालतो. अमेरिका आजही सरकारी कामाला येणाऱ्याकडून वेगळा व्हिसा मागते.

ही कटकट टाळायला दोन देश आपापसात करार करतात. मसुदा बहुधा ठरीव असतो: बहुतेक ठिकाणी 90 दिवसांपर्यंत मुक्काम, नोकरीधंद्याला मनाई, दोन्ही बाजूंनी पासपोर्टचे नमुने एकमेकांना देणं, आणि सुरक्षेच्या कारणावरून करार स्थगित करायची मुभा. खर्च जवळजवळ शून्य. त्यामुळे मोठ्या नेत्याच्या दौऱ्यात व्यापाराचं घोडं पेंड खात असलं, तरी सह्या करायला हा कागद तयार असतो, असं माझं निरीक्षण. 2017 मध्ये पॅलेस्टाईनचे अध्यक्ष दिल्लीत आले तेव्हा झालेल्या करारांत राजनैतिक पासपोर्टची व्हिसामाफी होतीच.

अर्थात आधी संबंध हवेत. देवराष्ट्रे गाव पूर्वी सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. तिथले यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री असताना, 1976 मध्ये, भारत आणि चीनने पंधरा वर्षांनी पुन्हा राजदूत नेमायचं ठरवलं. राजदूतच नसतील तिथे व्हिसामाफी कुणाला देणार?

आणि दिलेली सवलत परत घेता येते. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या 1988 च्या इस्लामाबाद परिषदेत ठरून 1992 पासून खासदार, न्यायाधीश, पत्रकार, खेळाडू अशा 24 गटांना सदस्य देशांत व्हिसा माफ झाला. पहलगामच्या हल्ल्यानंतर 23 एप्रिल 2025 ला भारताने पाकिस्तानी नागरिकांसाठी ही सवलत बंद केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाकिस्तान आणि बांगलादेशाने मात्र एकमेकांच्या राजनैतिक आणि अधिकृत पासपोर्टना व्हिसामाफी दिली. हवा कुठे वळली ते यावरून कळतं.

या सवलतीचा गैरफायदाही होतो. 2024 मध्ये गंभीर आरोप झालेला कर्नाटकातला एक खासदार राजनैतिक पासपोर्टवर जर्मनीला निघून गेला. तिथे जायला या पासपोर्टला व्हिसा लागत नाही आणि या प्रवासाची परवानगी आमच्याकडे मागितलीच नव्हती, असं परराष्ट्र खात्याला सांगावं लागलं.

राहिला नाक्यावरचा प्रश्न. नेपाळबरोबर 31 जुलै 1950 ला झालेल्या तहामुळे तिथे जायला त्याला व्हिसा लागत नाही आणि निळा पासपोर्टही घरी ठेवता येतो. मतदार ओळखपत्र पुरतं.