प्लेऑफ सामने (स्थानिक स्क्वॉश लीग)

स्थानिक क्लबांच्या स्क्वॉश लीगमधले साखळी सामने आटोपल्यावर विजेतेपद, वरच्या विभागातली बढती किंवा खालच्या विभागातली घसरण ठरवण्यासाठी बाद पद्धतीने खेळवले जाणारे सामने म्हणजे प्लेऑफ. स्क्वॉश मुळात एकेरीचा खेळ, पण क्लब लीग बहुतेक करून सांघिक असते. प्लेऑफमधली रंगत आणि भांडणं दोन्ही यातूनच येतात. कोर्टवर खेळाडू एकटा असतो, पण त्याचा प्रत्येक पॉइंट संघाच्या खात्यात जमा होत असतो.

आधी शब्दांचा घोळ निस्तरलेला बरा. दोन संघांमध्ये होते ती 'लढत'. लढतीत तीन, चार किंवा पाच एकेरी 'सामने' असतात. सामना पाच गेमांपैकी तीन जिंकणाऱ्याचा. गेम 11 पॉइंटांचा, आणि 10-10 झाले तर दोन पॉइंटांची आघाडी मिळेपर्यंत चालणारा. लीगचे नियम वाचताना निम्मे वाद 'सामना' म्हणजे नक्की काय यावरूनच होतात.

साखळीत संघाला प्रत्येक जिंकलेल्या गेममागे एक गुण आणि लढत जिंकल्याबद्दल काही जादा गुण, अशी पद्धत सर्रास आढळते. त्यामुळे 2-3 असा हरलेला खेळाडूही संघासाठी दोन गुण घेऊन घरी जातो. प्लेऑफमध्ये ही शिल्लक पुसली जाते. वर्षभर वरचढ राहिलेला संघ एका संध्याकाळी हरला की संपला. सगळे संघ एकमेकांशी दोनदा खेळले असतील तर खरा सरस संघ गुणतक्त्यातच दिसतो, त्यासाठी प्लेऑफची गरज नसते. गरज असते ती हंगामाच्या शेवटच्या महिन्यात मधल्या स्थानावरच्या संघांचा उत्साह टिकवण्याची, आणि जिथे विभाग समांतर गटांत वाटलेले आहेत तिथे गटविजेत्यांना आमनेसामने आणण्याची.

सगळ्यात रुळलेला साचा चार संघांचा. उपांत्य फेरीत पहिला विरुद्ध चौथा, दुसरा विरुद्ध तिसरा, मग अंतिम लढत. तक्त्यात वर असलेल्या संघाला उपांत्य लढत आपल्या क्लबात खेळायला मिळते, अंतिम लढत मात्र शक्यतो तटस्थ ठिकाणी होते. बढती-घसरणीचा प्लेऑफ वेगळा. त्यात वरच्या विभागातला तळापासून दुसरा संघ आणि खालच्या विभागातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ एकच लढत खेळतात. बघ्यांची गर्दी अंतिम लढतीला होत असली तरी जिवाच्या आकांताने खेळलं जातं ते इथे.

क्रमवारी आणि पात्रता

संघातले खेळाडू ताकदीच्या क्रमाने उतरवावे लागतात: पहिला क्रमांक समोरच्या पहिल्याशी, तिसरा तिसऱ्याशी. हा नियम नसता तर कुठलाही हुशार कर्णधार आपला सगळ्यात कच्चा खेळाडू समोरच्या सगळ्यात तगड्यापुढे बळी देऊन उरलेले सामने खिशात घालू शकला असता. म्हणून बऱ्याच लीगमध्ये क्रमवारी हंगामाच्या सुरुवातीलाच नोंदवून घेतात आणि अधूनमधून निकालांवरून किंवा मानांकनाच्या आकड्यांवरून तपासतात. प्लेऑफच्या तोंडावर अचानक दोघांची अदलाबदल झाली, तर समोरचा कर्णधार नियमांचा कागद घेऊन हजर झालाच म्हणून समजा.

पात्रतेचा नियमही त्याच जातीचा. प्लेऑफ खेळायला साखळीत ठरावीक संख्येने सामने खेळलेले असावे लागतात. उद्देश सरळ आहे: वर्षभर न फिरकलेला एखादा तयार खेळाडू ऐन अंतिम लढतीला उपटू नये. राखीव खेळाडू वरच्या संघातून खाली उतरवता येत नाही, खालून वर घेता येतो. खेळाडू कमी पडला तर उरलेले एकेक पायरी वर सरकतात आणि तळाचा सामना सोडून द्यावा लागतो. सोडलेला सामना 0-3 आणि प्रत्येक गेम 0-11 असा धरतात. त्याचा फटका किती बसतो ते पुढच्या हिशेबात दिसेल.

बरोबरी सुटते कशी

तीन किंवा पाच सामन्यांच्या लढतीत बरोबरी होत नाही, मात्र सगळा भार शेवटी खेळणाऱ्यावर येतो. याचं भारतीय वाचकांच्या ओळखीचं मोठं उदाहरण म्हणजे 2023 मध्ये हांगझोऊला झालेली आशियाई क्रीडा स्पर्धा. पुरुषांच्या सांघिक अंतिम लढतीत भारत-पाकिस्तान 1-1 असे अडले असताना अभय सिंगने नूर झमानविरुद्ध पाचवा गेम 12-10 असा काढला आणि सुवर्णपदक भारताकडे आलं.

चार सामन्यांच्या लढतीत मात्र 2-2 सहज होतं. तेव्हा दोन्ही संघांनी जिंकलेले एकूण गेम मोजतात, तेही सारखे निघाले तर एकूण पॉइंट. कागदावर हा नियम कोरडा वाटतो. कोर्टवर तो असा उतरतो: अ संघाने पहिले दोन सामने 3-1, 3-1 जिंकले आणि तिसरा 1-3 हरला. लढतीत अ 2-1 पुढे, गेम 7-5. शेवटच्या सामन्यात ब संघाचा खेळाडू 3-0 जिंकला तर गेम 7-8, लढत ब संघाची. तो 3-1 जिंकला तर गेम 8-8, आणि मग पॉइंटांची बेरीज. तो 3-2 जिंकला तर गेम 9-8, म्हणजे सामना हरूनही अ संघाच्या खेळाडूने लढत जिंकून दिलेली असते. पहिले दोन गेम गमावून बसलेल्या त्या खेळाडूला सामना जिंकायची गरजच नाही, दोन गेम पुरेत. आणि एकच गेम हाती लागला, तर आधीच्या गेममध्ये 4-11 हरला होता की 9-11, यावर सगळं ठरू शकतं.

म्हणूनच अशा रात्री काचेमागे कोणीतरी कागद-पेन घेऊन बसलेलं असतं. खेळणाऱ्याला हा हिशेब सांगावा की नाही, यावर कर्णधारांचे दोन पंथ आहेत. गेमांमधल्या छोट्या विश्रांतीत 'तुला फक्त एक गेम हवाय' असं कानात सांगितल्यावर हात आखडलेले खेळाडू पुष्कळ. न सांगणं अधिक शहाणपणाचं, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे.

पॉइंटांची बेरीज न्याय्य वाटते ती आजच्या गुणपद्धतीमुळे. प्रत्येक रॅलीला पॉइंट देणारी 11 ची पद्धत जागतिक स्क्वॉश महासंघाने 2009 मध्ये अधिकृत केली. त्याआधीच्या नऊ पॉइंटांच्या पद्धतीत फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच पॉइंट मिळे. रॅलीमागून रॅली जिंकून सर्व्हिस परत मिळवणारा, पण ती टिकवू न शकणारा खेळाडू बराच वेळ झुंजूनही 0-9 हरू शकत असे. त्या बेरजेतून लढत किती अटीतटीची झाली हे कळायला मार्ग नव्हता.

मार्कर आणि पंच

नियमांप्रमाणे मार्कर स्कोअर पुकारतो आणि पंच निर्णय देतो. क्लबात दोन्ही कामं एकाच माणसाकडे येतात, आणि हा माणूस बहुधा नुकताच खेळून, घामाने निथळत बाहेर आलेला खेळाडू असतो. साखळीत हे चालून जातं. प्लेऑफमध्ये मात्र 'लेट प्लीज' म्हणत हात वर झाला की गॅलरीत शांतता पसरते. प्रतिस्पर्ध्याचा अडथळा झाला, पण चेंडू गाठता आला असता, तर लेट आणि रॅली पुन्हा. जिंकणारा फटका अडवला गेला, तर स्ट्रोक, म्हणजे थेट पॉइंट. पोहोचणं शक्यच नव्हतं, तर नो लेट. 9.75 मीटर लांब आणि 6.4 मीटर रुंद खोलीत दोन माणसं एकाच चेंडूमागे धावत असताना या तिन्हींतला फरक पाऊलभराचा असतो. तटस्थ क्लबातून पंच बोलावण्याची अट प्लेऑफपुरती तरी असावी, आणि अनेक लीगमध्ये ती असते.

दुखापतीचा नियम इथे वेगळं वळण घेतो. स्वतःहून झालेल्या दुखापतीला तीन मिनिटं मिळतात. त्यानंतर खेळायचं, किंवा चालू गेम सोडून पुढच्या विश्रांतीचा आधार घ्यायचा, किंवा सामनाच सोडायचा. पाय आखडला असताना गेम सोडणं एरवी समंजसपणाचं. गेम मोजून निकाल लागणार असेल तर तोच गेम संघाला नडू शकतो.

कोर्ट, चेंडू, वेळ

कोर्टची मापं सगळीकडे सारखी, पण कोर्ट सारखी नसतात. भिंतीचा गिलावा, लाकडी जमिनीची घसरण, छताची उंची आणि मुख्यतः तापमान यांनी खेळ बदलतो. दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू तापला तरच उसळतो. थंड कोर्टवर तो कोपऱ्यात जाऊन मरतो आणि अलगद ड्रॉप, म्हणजे पुढच्या भिंतीलगत पडणारा हळू फटका, मारणाऱ्याचं फावतं. गरम कोर्टवर धावणारा, दमसास असलेला खेळाडू भारी पडतो. आपल्या क्लबात खेळायला मिळणं याचा खरा अर्थ हा आहे, टाळ्या वगैरे दुय्यम.

एका सामन्याला अर्धा ते पाऊण तास, क्वचित तासही लागतो. पाच सामने एकाच कोर्टवर घ्यायचे तर रात्र होते, म्हणून दोन कोर्टवर समांतर खेळवतात. पहिल्या क्रमांकाचा सामना कितवा ठेवायचा हे नियमात लिहिलेलं नसेल तर त्यावरून तासभर जातो.

बॉक्स लीगचे प्लेऑफ

क्लबांतर्गत वैयक्तिक लीगमध्ये पाच-सहा खेळाडूंचे 'बॉक्स' असतात. महिन्याभरात सगळ्यांनी एकमेकांशी खेळायचं, वरचे दोन चढतात, खालचे दोन उतरतात. हंगामाच्या शेवटी बॉक्सविजेत्यांची बाद फेरी होते आणि पहिल्याच फेरीत हरलेल्यांसाठी 'प्लेट' नावाची वेगळी स्पर्धा. इथे कर्णधार नाही, त्यामुळे कोर्ट मिळवणं आणि वेळ जुळवणं खेळाडूंच्याच गळ्यात. मुदतीत सामना झाला नाही, तर ज्याने खेळायच्या तारखा सुचवल्याचं दाखवता येतं त्याला पुढे चाल मिळते, आणि कोणीच सुचवल्या नसतील तर दोघंही बाद.