पेसमेकरवर लांबून नजर: टेलिफोनपासून रोजच्या संदेशापर्यंत

पेसमेकरवर, म्हणजे हृदयाचे ठोके चालू ठेवणाऱ्या छोट्या विद्युत यंत्रावर, लांबून देखरेख ठेवायला सुरुवात झाली ती तारेच्या टेलिफोनवरून, आणि तीही गरजेपोटी. 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोमजवळच्या कारोलिन्स्का रुग्णालयात शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर काही तासांतच बंद पडला होता. पुढे यंत्रं सुधारली, पण पारा-जस्ताच्या बॅटऱ्या कधी दगा देतील याचा नेम नव्हता.

1971 साली न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे रुग्णालयातले सीमोर फर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेलिफोनवरून तपासणीची पद्धत मांडली. रुग्णाने घरी इलेक्ट्रोड लावायचे आणि रिसीव्हर एका छोट्या यंत्रावर ठेवायचा. हृदयाचे विद्युत संकेत आवाजात बदलून तारेतून जायचे आणि दवाखान्यात कागदावर ईसीजी उमटायचा. मग छातीवर लोहचुंबक धरायचं. चुंबक जवळ आलं की पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके न पाहता ठरावीक गतीने चालतो. ती गती मंदावली, तर बॅटरी उतरत आली समजायचं. इतक्या साध्या साधनांत एवढं नेमकं निदान व्हायचं, याचं मला आजही अपार कौतुक वाटतं.

फोन मात्र ठरल्या वेळीच व्हायचा. मधल्या एखाद्या रात्री लय बिघडली, तर कळायला मार्ग नव्हता. 2001 मध्ये बायोट्रॉनिक कंपनीच्या ‘होम मॉनिटरिंग’ला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि उशाजवळचा ट्रान्समीटर रुग्णाने काही न करता रोज माहिती पाठवू लागला. आयसीडी (धोकादायकरीत्या बिघडलेली लय शॉक देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र) बसवलेल्या 1,339 रुग्णांवरच्या ‘ट्रस्ट’ अभ्यासात (2010) गडबड डॉक्टरांनी तपासायला लागणारा काळ 36 दिवसांवरून दोन दिवसांच्या आत आला.

पण जीव वाचतात का? 2014 च्या ‘इन-टाइम’ अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या (हृदय पुरेसं रक्त पंप करू न शकणाऱ्या) 664 रुग्णांपैकी वर्षभरात लांबून देखरेखीखालचे 10 जण दगावले, नेहमीच्या पद्धतीतले 27. ब्रिटनमधल्या ‘रेम-एचएफ’मध्ये (2017) मात्र 1,650 रुग्णांमध्ये फरक दिसला नाही. पहिल्यात माहिती रोज यायची आणि ती पाहणारी मध्यवर्ती तुकडी होती. दुसऱ्यात माहिती आठवड्याने पाहिली जायची. माझ्या मते खरी मेख इथेच आहे: संदेश किती लवकर पाहिला जातो आणि त्यावर कोण हालचाल करतं.

2023 च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-निवेदनानुसार यंत्राची देखरेखीशी जोडणी अखंड असेल आणि अन्य अडचण नसेल, तर प्रत्यक्ष तपासणी दोन वर्षांपर्यंत लांबवता येते. त्याच निवेदनात दर हजार रुग्णांमागे किमान तीन पूर्णवेळ कर्मचारी असावेत, असंही सांगितलं आहे.