दवाखान्यात पोरीलाच पुढे करतो तेव्हा

निपाणी-खानापूरकडच्या कितीतरी मराठी घरांत आज्जीला कन्नड येत नाही, आईला जेमतेम समजतं. शाळेत कन्नड शिकणारी सहावी-सातवीतली पोर मात्र फाडफाड बोलते. मग आई गंभीर आजारी पडली की बेळगावच्या दवाखान्यात सोबत तिलाच नेतात. नर्स काय म्हणाली, रिपोर्टात काय आलंय, हे घरात सगळ्यांच्या आधी तिच्या कानावर पडतं. वर बजावलं जातं, 'धाकट्याला काय सांगू नकोस हं.' हे ओझं तिच्यावर टाकू नये. कन्नड येणारा एखादा शेजारी सोबत न्यावा, नाहीतर 'मराठीत सांगा' असं डॉक्टरांना सरळ म्हणावं. तिथल्या बऱ्याच डॉक्टरांना मराठी येतं.

धाकट्याचं काय? त्याला काही कळत नाही, हा मोठ्यांचा समज. दबक्या आवाजातले फोन, आईचं निजून राहणं त्याला दिसतंच. मात्र साधारण सात वर्षांपर्यंत मुलं लागोपाठ घडलेल्या दोन गोष्टींचा संबंध लावतात आणि त्याच्या मध्यभागी स्वतःला ठेवतात. 'मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली' हा निष्कर्ष त्यातूनच निघतो. कोणी काही सांगत नाही म्हटल्यावर तो आणखी घट्ट बसतो. म्हणून 'तुझ्यामुळे झालेलं नाही' हे त्यानं विचारायची वाट न बघता सांगावं, आणि एकदा सांगून भागत नाही. कॅन्सर असेल तर तो जवळ झोपल्यानं लागत नाही, हेही सांगावं.

आजाराचं नावही घ्यावं. नुसतं 'बरं नाही' म्हटलं तर उद्या स्वतःला सर्दी झाली तरी पोर घाबरतं. आईचे केस का गेले, असं विचारलं तर खरं उत्तर सोपं आहे: केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, केसांच्या मुळाशीही तशाच असतात. औषध थांबलं की केस बहुतेक वेळा परत येतात.

मृत्यूबद्दल बोलताना 'झोपली', 'गावाला गेली' म्हणू नये. मारिया नागी यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या हंगेरीतल्या अभ्यासात पाचच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे झोप किंवा दूर जाणंच वाटत होतं. म्हणून असे शब्द ऐकलेलं मूल झोपायला घाबरतं किंवा गेलेल्या माणसाची वाट बघत बसतं.

'बरी होणार का?' याला 'होणारच' असं वचन देऊ नये. 'डॉक्टर औषध देतायत, पुढचं मलाही अजून माहीत नाही. कळलं की तुला सांगीन,' इतकं म्हणावं. शाळेत कोण सोडणार, रात्री जवळ कोण निजणार, तेही त्याच बोलण्यात सांगून टाकावं, कारण पोराचा पुढचा प्रश्न बहुधा तोच असतो.