व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथन)

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथन) : पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या प्रत्येक प्रकल्पाची पॅकेजेस (तयार कोडचे संच) एकाच संगणकावर वेगवेगळी ठेवण्यासाठी केलेला फोल्डर. इयान बिकिंग यांच्या २००७ मधील ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ या साधनाने ही पद्धत रुळली. २०१२ साली पायथन ३.३ सोबत ‘व्हेन्व्ह’ हे मॉड्यूल भाषेतच आले.

या फोल्डरात सहसा दुसरा इंटरप्रिटर (पायथनचा कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) नसतोच. लिनक्सवर त्यातला ‘पायथन’ म्हणजे मूळ इंटरप्रिटरकडे नेणारी सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद. ती चालवली की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मूळ फाइलच मेमरीत आणतो आणि एकच प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) सुरू होते. आपल्याला डिस्कवरच्या कोणत्या पत्त्यावरून बोलावले, हे इंटरप्रिटर पाहतो. त्या पत्त्याशेजारी किंवा एक फोल्डर वर ‘पायव्हेन्व्ह.सीएफजी’ ही फाइल सापडली, की पॅकेजेस एन्व्हायर्नमेंटमधून घेतो. स्टँडर्ड लायब्ररी (पायथनसोबतच येणारी मॉड्यूल्स) मात्र मूळ ठिकाणचीच राहते. म्हणून एन्व्हायर्नमेंट आधी आज्ञा देऊन ‘ॲक्टिव्हेट’ करणे ही निव्वळ सोय आहे. त्याने मुख्यतः शेलचा (आज्ञा टाइप करण्याच्या प्रोग्रॅमचा) ‘पाथ’, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी, बदलतो. पूर्ण पत्ता देऊन पायथन चालवला तरी काम तेच होते.

मॅकओएसवर फ्रेमवर्क पद्धतीने (ॲपलच्या ठरावीक फोल्डर-रचनेत) बांधलेल्या पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम आधी चालतो आणि खिडक्या उघडता याव्यात म्हणून स्वतःच्या जागी ‘पायथन.ॲप’मधला इंटरप्रिटर आणतो. प्रोसेस क्रमांक तोच राहतो.

विंडोजवर गोष्ट खरोखर वेगळी आहे. तिथे पूर्वी इंटरप्रिटरच्या एक्झी (चालणारा प्रोग्रॅम) आणि डीएलएल (त्याला लागणारा सामायिक कोड) फाइलींची प्रत केली जाई. मूळ पायथन अद्ययावत केला तरी या प्रती जुन्याच राहत. पायथन ३.७.२ पासून एन्व्हायर्नमेंटच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरातील ‘पायथन.एक्झी’ हा फक्त लाँचर असतो. तो मूळ पायथन चाइल्ड प्रोसेस (आपण सुरू केलेली दुय्यम प्रोसेस) म्हणून सुरू करतो आणि ती संपेपर्यंत थांबतो. त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये एका प्रोग्रॅमच्या दोन प्रोसेस दिसतात, आणि दुसरे प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या पायथनच्या ‘सबप्रोसेस’ मॉड्यूलने दिलेला क्रमांक प्रोग्रॅमच्या स्वतःच्या क्रमांकाशी जुळत नाही. लाँचर बंद केल्यावर खरा पायथन मागे उरू नये म्हणून लाँचर त्याला एका ‘जॉब ऑब्जेक्ट’मध्ये (प्रोसेस एकत्र बंद करता येण्याची विंडोजची सोय) बांधतो.

यातली सर्वांत फसवी अडचण पुढची. प्रोग्रॅममधून नुसते ‘पायथन’ असे नाव देऊन नवी प्रोसेस सुरू केली, तर विंडोज आधी चालू एक्झीच्याच फोल्डरात शोधते. तो फोल्डर मूळ पायथनचा असल्याने एन्व्हायर्नमेंट हातचे सुटते आणि कालपर्यंत चालणारे पॅकेज सापडत नाही. चालू पायथनचा पूर्ण पत्ता ‘सिस.एक्झिक्युटेबल’मध्ये असतो; तो वापरला, की तिन्ही प्रणालींवर योग्य तेच एन्व्हायर्नमेंट मिळते.