डॅस्ट की सिलेक्टफ्लोर? आधी कार्बन बघा

औषधाच्या रेणूत मोक्याच्या जागी हायड्रोजन काढून फ्लोरिन बसवला, तर यकृतातल्या एन्झाइमांना ती जागा सहजी फोडता येत नाही आणि औषध शरीरात जास्त टिकू शकते. पण तो बसवायचा कसा, इथे पुण्यात पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) किंवा आयसरमध्ये प्रोजेक्ट करणारी हुशार मुलेही सुरुवातीला गडबडतात. डॅस्ट आणि सिलेक्टफ्लोर ही दोन्ही फ्लोरिन देणारीच रसायने, म्हणून एक संपले तर दुसरे चालेल असे वाटते. ते चालत नाही.

डॅस्ट देते फ्लोराइड, म्हणजे स्वतःचे इलेक्ट्रॉन घेऊन येणारा फ्लोरिन. त्याला इलेक्ट्रॉनची उणीव असलेला कार्बन लागतो. अल्कोहोलचा ऑक्सिजन आधी डॅस्टमधल्या सल्फरला जोडला जातो, त्यामुळे तो सुटायला तयार होतो, आणि फ्लोराइड मागच्या बाजूने येऊन त्याची जागा घेतो. म्हणून त्या कार्बनची अवकाशीय रचना बहुधा उलटी होते. कोणता आयसोमर (तेच अणू, पण वेगळी मांडणी असलेला रेणू) हवा ते आधीच ठरवून सुरुवातीचे अल्कोहोल निवडावे लागते. डॅस्ट पाण्याशी जोरात भडकते, आणि ९० अंश सेल्सिअसच्या वर तापवले तर स्फोटाचा धोका असतो. हे द्रव हाताळताना घाई नकोच.

सिलेक्टफ्लोर ही पांढरी पूड आहे, हवेत तोलता येते. तिच्यातला फ्लोरिन धनभारित नायट्रोजनला चिकटलेला असतो. तो बंध कमकुवत, त्यामुळे इलेक्ट्रॉन पुरवणारा कार्बन समोर आला की फ्लोरिन तिकडे जातो. एनॉल (दुहेरी बंधाच्या कार्बनवर ओएच असलेला रेणू), एनॉल एस्टर, इलेक्ट्रॉनसमृद्ध ॲरोमॅटिक वलय, ही त्याची गिऱ्हाइके. साध्या अल्कोहोलचा ओएच काढून तिथे फ्लोरिन बसवणे हे त्याचे काम नाही.

नाकाच्या ॲलर्जीसाठी पुण्यात कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणाऱ्या फ्लुटिकासोनमध्ये दोन्ही वाटा एकाच रेणूत दिसतात. ९ क्रमांकाच्या कार्बनवरचा फ्लोरिन इपॉक्साइड, म्हणजे दोन कार्बन आणि एका ऑक्सिजनचे ताणलेले वलय, हायड्रोजन फ्लोराइडने उघडून येतो, म्हणजे डॅस्टच्याच जातीची, फ्लोराइडची वाट. फ्रीड आणि साबो यांनी १९५४ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनच्या कुळात हेच केले होते. ६ क्रमांकाचा फ्लोरिन मात्र एनॉल एस्टरवर सिलेक्टफ्लोर वापरून बसवता येतो. दोन कार्बन, दोन स्वभाव.

कधी एकाच जागी दोन्ही वाटा शक्य असतात. पेट स्कॅनच्या आधी टोचतात त्या एफडीजीचे, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन बसवलेल्या ग्लुकोजचे, तसेच झाले. १९७० च्या दशकात ते किरणोत्सारी फ्लोरिन वायूने, म्हणजे सिलेक्टफ्लोरच्या जातीच्या, इलेक्ट्रॉन शोधणाऱ्या (इलेक्ट्रोफिलिक) वाटेने केले गेले. त्या वायूतला निम्मा फ्लोरिन फ्लोराइड होऊन वाया जायचा, शिवाय नको असलेला, मॅनोज या दुसऱ्या साखरेच्या ठेवणीचा आयसोमरही सोबत तयार व्हायचा. १९८६ मध्ये हामाखर आणि सहकाऱ्यांनी मॅनोजचे ट्रायफ्लेट (सहज सुटणारा गट जोडलेले रूप) घेऊन त्यावर फ्लोराइड सोडला. रचना उलटली आणि थेट ग्लुकोजची ठेवण मिळाली. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य जेमतेम ११० मिनिटे, त्यामुळे आज एफडीजी याच वाटेने बनते.